समुद्राचं पाणी, खासगी भिंती : सुट्रो बाथ्सचं प्रकरण

माझे बाबा पेणचे. खारबंदिस्तीच्या, म्हणजे खाडीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून बांध घालायच्या कामांवर त्यांचं आयुष्य गेलं. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ, हा हिशेब ते बोलता बोलता करतात. गेल्या वर्षी ते आणि आई आमच्याकडे कॅलिफोर्नियात आले, तेव्हा मी त्यांना सॅन फ्रान्सिस्कोच्या पश्चिम टोकाला, लँड्स एंडला घेऊन गेलो. कड्यावरून खाली पाहिलं की समुद्राला खेटून काँक्रीटच्या भिंतींची मोठी चौकट दिसते. हे सुट्रो बाथ्सचे अवशेष: समुद्राच्या पाण्यावर चालणारं, काचेच्या छपराखालचं एकेकाळचं मोठं स्नानगृह. तिच्यात हिरवट पाणी साचलेलं, त्यात बदकं. कडेला तुटके जिने, कुठेही न जाणारे. आलेली माणसं फोटो काढत होती. बाबा बराच वेळ नुसते बघत राहिले आणि मग म्हणाले, "अरे, हे साधं तळं नाही. याची उघाडी कुठे आहे, ती दाखव."

उघाडी म्हणजे खाडीच्या बांधात बसवलेलं झडपेचं दार. ओहोटीला शेतातलं पाणी बाहेर सोडायचं आणि भरती आली की समुद्राच्याच रेट्याने मिटायचं. रायगडातली भातशेती या दारांच्या भरवशावर उभी आहे. इथे काम उलटं होतं, समुद्र आत घ्यायचा होता. पण भरतीकडून काम करून घ्यायचं, हा विचार तोच. बाबांना ते वरून पाहूनच कळलं. त्या प्रश्नामुळे मी या जागेच्या मागे लागलो, आणि जे हाती आलं ते इथे मांडतो आहे.

सुट्रो बाथ्स आगीत गेले, असं सगळीकडे सांगतात. आग लागली हे खरं आहे. पण ती लागली तेव्हा तिथे पोहायला कुणी जात नव्हतं, इमारत पाडायला घेतलेली होती. माझ्या मते या प्रकरणाचा गाभा मालकीत आहे. अख्ख्या शहरासाठी बांधलेली जागा पहिल्या दिवसापासून एका माणसाच्या खिशावर उभी होती. ती कुणासाठी खुली, तिचा तोटा कोण सोसणार, ती विकायची की ठेवायची, हे सगळे प्रश्न त्या एका खिशातून सुटले किंवा सुटले नाहीत.

पाण्याचा माणूस

अ‍ॅडॉल्फ सुट्रो १८३० साली प्रशियातल्या आखेन शहरात एका ज्यू कुटुंबात जन्मला आणि १८५० मध्ये, सोन्याची धामधूम चालू असताना, सॅन फ्रान्सिस्कोला आला. त्याने सोनं खणलं नाही, दुकानदारी केली. पुढे नेवाडातल्या कॉमस्टॉकच्या चांदीच्या खाणींकडे त्याचं लक्ष गेलं. त्या खाणींचं दुखणं पाणी होतं. जितकं खोल जावं तितकं गरम पाणी आणि कोंदट हवा. सुट्रोने सुचवलं की वरून पंपांनी उपसत बसण्यापेक्षा डोंगराच्या पायथ्यापासून आडवा बोगदा मारावा, उताराने पाणी आपोआप वाहून जाईल. खाणमालकांनी आणि बँकवाल्यांनी त्याला वर्षानुवर्षं विरोध केला. १८६९ मध्ये काम सुरू झालं आणि जवळजवळ चार मैल लांबीचा तो बोगदा १८७८ मध्ये खाणींना भिडला. तोवर उत्तम चांदी उपसून झाली होती. सुट्रोने आपले शेअर वेळेत विकले आणि पैसा घेऊन परत आला.

त्या पैशातून त्याने सॅन फ्रान्सिस्कोत जमिनी घेतल्या. पश्चिमेचा भाग तेव्हा नुसता वाळूच्या टेकड्यांचा, कुणाला नको असलेला. शहराचा बारावा हिस्सा त्याच्या नावावर होता, असं म्हणतात. कड्यावर त्याने स्वतःचं घर बांधलं, भोवती बाग केली आणि ती लोकांना खुली ठेवली. खालच्या खळग्यात आधी एक छोटं कुंड झालं. भरतीला पाणी आत यायचं, ओहोटीला मागे राहिलेले समुद्री जीव लोकांनी बघायचे. मोठं स्नानगृह त्या कुंडातून वाढलं.

हे काम शांतपणे झालं असं समजू नये. १८८७ च्या जानेवारीत 'पॅरलल' नावाचं डायनामाइटने भरलेलं गलबत याच खडकांवर आदळलं आणि त्याचा स्फोट झाला. कड्यावरच्या क्लिफ हाउस या उपाहारगृहाचं त्यात मोठं नुकसान झालं. लाटांचा मारा तर रोजचाच होता.

भरती कशी राबवली

इथल्या भरती-ओहोटीतला फरक ऐकून बाबांचा विश्वास बसेना. आमच्याकडे उधाणाला पाणी बारा-पंधरा फूट चढतं-उतरतं. सॅन फ्रान्सिस्कोत तो फरक साधारण पाच-सहा फुटांचा, आणि दिवसातल्या दोन भरत्याही सारख्या उंचीच्या नसतात. "एवढ्याशा चढावर एवढं मोठं तळं भरेल कसं?" हा त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता.

उत्तर लाटेत आहे. इथे समोर हजारो मैल अडथळा नाही, त्यामुळे पॅसिफिकची लाट थेट कातळावर येऊन फुटते आणि भरतीच्या पातळीच्या बरीच वर उसळते. सुट्रोच्या लोकांनी खडकात एक कुंड खोदलं. भरतीला लाटा उसळून त्यात पडायच्या, तिथून पाणी पाटाने पुढे जायचं, वाळू आणि गाळ खाली बसायला एका टाकीत थांबायचं आणि मग तलावांत उतरायचं. म्हणजे पाणी उचलायचं काम लाटेने केलं आणि वाहायचं काम उताराने. नेवाडातल्या बोगद्याच्या वेळी सुट्रो जे शिकला होता, तेच त्याने इथे समुद्रावर वापरलं.

सगळ्या तलावांत मिळून साधारण १६ लाख ८५ हजार गॅलन पाणी मावायचं, म्हणजे ६४ लाख लिटरच्या आसपास. चांगल्या भरतीला ते तासाभरात भरायचे. ओहोटी असेल तर समुद्राच्या पातळीवर, गुहेत बसवलेला पंप चालवायचे. तो मिनिटाला ६,००० गॅलन खेचायचा. भागाकार करून पाहिला: पावणेपाच तास. जे काम पंपाला जवळजवळ पाच तास लागायचं ते समुद्र तासात करायचा, आणि त्याला कोळसा लागत नव्हता.

तलाव सात. एक गोड्या पाण्याचा, बाकी सहा खारे आणि वेगवेगळ्या तापमानाचे. तापवण्याची गरज का पडली हे कळायला इथल्या समुद्रात एकदा पाय घालावा. ऐन उन्हाळ्यात घोटे बधिर होतात. जुलै-ऑगस्टमध्ये किनाऱ्यावर धुकं असतं, आणि किनाऱ्यापासून आत समुद्राकडे ओढणाऱ्या प्रवाहांमुळे ओशन बीचवर आजही माणसं बुडतात. या शहराला समुद्र होता, पण समुद्रस्नान नव्हतं. ते सुट्रोने काचेखाली आणून दिलं.

इमारत पाचशे फूट लांब, अडीचशे फूट रुंद. छपराला आणि भिंतींना मिळून एक लाख चौरस फूट काच, ६०० टन लोखंड. कपडे बदलायला ५१७ खोल्या. एकावेळी दहा हजार माणसं मावतील अशी सोय. घसरगुंड्या, उड्या मारायच्या फळ्या, वर टांगलेल्या कड्या. बघ्यांसाठी पायऱ्यांची गॅलरी, ताडामाडाची झाडं, खानावळी, आणि वर एक संग्रहालय, त्यात पेंढा भरलेले प्राणी आणि इजिप्तच्या ममीसुद्धा. पोहण्याचे कपडे तिथेच भाड्याने मिळायचे: २०,००० पोशाख आणि ४०,००० टॉवेल. पोशाख लोकरीचे. ओली लोकर किती जड होते आणि वाळायला किती वेळ घेते, हे ज्याने घोंगडी धुतली आहे त्याला सांगायला नको. असे लोकरीचे पोशाख धुवायचे, पिळायचे, वाळवायचे, हा एकट्या धोबीखान्याचा पसारा डोळ्यांपुढे आणला की या जागेचा खर्च कसा वाढत गेला असेल ते समजतं. १८९७ मध्ये एडिसनच्या कंपनीने इथे चित्रीकरण केलं. ती काही क्षणांची हलती चित्रं आजही पाहता येतात. माणसं घसरगुंडीवरून एकामागून एक पाण्यात पडत राहतात.

पाच सेंटची लढाई

बाथ्स लोकांसाठी रीतसर खुले झाले १४ मार्च १८९६ ला. नुसतं आत जायला १० सेंट, पोहायचं तर २५ सेंट, त्यात पोशाख आणि टॉवेल आला.

पण शहरातून इथवर यायचं कसं? वस्ती पूर्वेला, जागा पश्चिमेच्या टोकाला. वाटेवरची रेल्वे एका बड्या कंपनीच्या हातात होती आणि तिला दहा सेंट भाडं हवं होतं. सुट्रोचं म्हणणं पाच सेंटच्या वर नको. चार माणसांच्या कुटुंबाचा हिशेब घातला की त्याचा हट्ट समजतो. दहा सेंटने जाऊन-येऊन ८० सेंट, पाच सेंटने ४०. वर पोहायचे १ डॉलर. गाडीभाड्यातच बाथ्सच्या तिकिटाएवढे पैसे जायला लागले तर कामगाराचं कुटुंब घरीच बसेल. सुट्रोने स्वतःची विजेवर चालणारी रेल्वे काढली आणि पाच सेंटला माणसं आणली. या भांडणाने तो इतका लोकप्रिय झाला की १८९४ मध्ये पॉप्युलिस्ट पक्षाकडून तो महापौर म्हणून निवडून आला. दोन वर्षं ते पद त्याच्याकडे होतं.

मला हा माणूस मनापासून आवडतो. दुसऱ्या श्रीमंतांनी त्या काळात टेकडीवर वाडे बांधले, याने पाच सेंटसाठी रेल्वे कंपनीशी वैर घेतलं. म्हणूनच पुढचा भाग लिहिताना जड जातं.

जॉन हॅरिस

४ जुलै १८९७. अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन. जॉन हॅरिस नावाचा एक कृष्णवर्णीय गृहस्थ बाथ्सवर आला. त्याला पाण्यात उतरू दिलं नाही. तो त्याच महिन्यात पुन्हा आला, पुन्हा तेच. कृष्णवर्णीयांनी गॅलरीत बसून पाहायला हरकत नव्हती, पाणी मात्र गोऱ्यांचं.

त्याच वर्षी कॅलिफोर्नियाने एक नागरी हक्क कायदा केला होता, तिथे तो डिबल अ‍ॅक्ट म्हणून ओळखला जातो. सार्वजनिक जागी वर्णावरून कुणाला अडवता येणार नाही, असा त्याचा अर्थ. हॅरिसने त्याचा आधार घेऊन सुट्रोवर दावा लावला. बाथ्सच्या बाजूने बचाव असा: याला पोहू दिलं तर गोरं गिऱ्हाईक येणार नाही आणि धंदा बुडेल. १८९८ मध्ये निकाल हॅरिसच्या बाजूने लागला. दोन वेळा अडवल्याबद्दल प्रत्येकी ५० असे १०० डॉलर त्याला मिळाले.

बाबांना हे सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "म्हणजे महाडच." महाड आमच्याच जिल्ह्यातलं. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ मध्ये झाला, नगरपालिकेने तळं खुलं केल्याचं कागदावर मान्य केलं, आणि तरी २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारो माणसांनिशी चवदार तळ्यावर जाऊन ओंजळभर पाणी घ्यावं लागलं. त्यानंतर विरोधक कोर्टात गेले तेव्हा त्यांचा दावा काय होता? हे तळं सार्वजनिक नाहीच, खासगी आहे, 'चौधरी तळं' आहे. हायकोर्टाचा निकाल बाबासाहेबांच्या बाजूने लागायला १९३७ साल उजाडलं.

दोन्ही प्रकरणांत भांडण पाण्याचं दिसतं, पण खरा वाद 'हे कुणाचं' यावर आहे. सुट्रोने स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या जमिनीवर लोकांसाठी जागा बांधली. पण 'लोक' म्हणजे कोण, हे ठरवायचा हक्क मालकाचा राहिला. तो हक्क काढून घ्यायला एका माणसाला कोर्टाची पायरी चढावी लागली. पाच सेंटसाठी लढलेल्या सुट्रोला धंद्याच्या भीतीपुढे ही दुसरी लढाई स्वतःहून लढता आली नाही. शहराची जागा असती तर भेदभाव झालाच नसता, असं मी म्हणणार नाही. महाडचं तळं नगरपालिकेचंच होतं.

तोटा

१८९८ च्या ऑगस्टमध्ये सुट्रो वारला. बाथ्स सुरू होऊन जेमतेम अडीच वर्षं झाली होती. मृत्युपत्रावरून वाद सुरू झाले आणि कारभार त्याच्या मुलीकडे आला. डॉ. एमा सुट्रो मेरिट, पेशाने डॉक्टर. ती १९३८ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, कड्यावरच्या त्याच घरात राहिली. बाथ्सच्या शेजारी सुट्रोने नव्याने उभारलेलं सात मजली क्लिफ हाउस १९०६ च्या भूकंपातून वाचलं आणि १९०७ मध्ये आगीत गेलं. सुट्रोच्या मोठ्या ग्रंथसंग्रहाचा निम्म्याहून अधिक भाग भूकंपानंतरच्या आगीत आधीच जळला होता. बाथ्स दोन्ही वेळा वाचले.

वाचले, पण चालले नाहीत. इथे आकड्यांकडे पाहावं. १९०० च्या जनगणनेत सॅन फ्रान्सिस्कोची वस्ती ३,४२,७८२. दहा हजारांची इमारत एकदा भरायची तर दर चौतीस माणसांमागे एकाने त्या वेळी तिथे हवं. सणाला, उन्हाच्या रविवारी तसं होईलही. धुक्याच्या मंगळवारी? काच तेवढीच पुसायची, बॉयलर तेवढाच तापवायचा. आणि खारा वारा लोखंडाला सुट्टी देत नाही. खाडीकाठच्या घरातल्या खिडकीचे गज दर दोन-तीन वर्षांनी रंगवले नाहीत तर हातात येतात. तिथे ६०० टन लोखंड समुद्राच्या तोंडावर उभं होतं, आत कोमट खारट वाफ, बाहेर फवारा. समुद्राने पाणी फुकट दिलं आणि त्याची किंमत गंजातून वसूल केली. तिकीट वाढवावं तर जागेचा हेतूच संपतो.

मग महामंदी आली, तिथवर जाणाऱ्या गाड्या कमी झाल्या, तलावांसाठी आरोग्याचे नवे नियम आले. १९३७ मध्ये सुट्रोच्या नातवाने मोठ्या भागाचं बर्फावर घसरायचं मैदान केलं. १९५२ मध्ये जागा घराण्याबाहेर गेली. जवळच्या करमणूक उद्यानाचे मालक जॉर्ज व्हिटनी यांनी ती घेतली. १९६४ मध्ये ती बिल्डरांकडे आली, तिथे उंच रहिवासी इमारती उभ्या करायचा बेत होता. पाडापाडी चालू असताना, २६ जून १९६६ ला आग लागली आणि लाकूड-काचेचं जे उरलं होतं ते एका दिवसात गेलं. आग मुद्दाम लावली गेल्याचा निष्कर्ष निघाला. इमारती मात्र झाल्या नाहीत.

हे प्रकरण अभ्यासताना मी स्वतःलाच विचारत होतो: शहराने जागा ताब्यात घेतली असती तर? याच किनाऱ्यावर, तीन मैल दक्षिणेला त्याचं उत्तर आहे. फ्लाइशहॅकर पूल १९२५ मध्ये सुरू झाला. हजार फूट लांब, साठ लाखांहून जास्त गॅलन समुद्राचं पाणी, आणि कारभार शहराचा. तोही १९७१ मध्ये बंद पडला, पुढे बुजवला गेला, आणि आज त्या जागी प्राणिसंग्रहालयाच्या गाड्या लागतात. म्हणजे सार्वजनिक मालकीने तलाव वाचतो असं नाही. खारं पाणी आणि थंड वारा कुणाचीच मालकी बघत नाहीत. फरक इतकाच की तिथे जागेचा सौदा झाला नाही. इथे किनारा उंच इमारतींच्या हाती जाता जाता राहिला, तो योगायोगाने. १९७२ मध्ये गोल्डन गेट राष्ट्रीय मनोरंजन क्षेत्र स्थापन झालं आणि आज हे अवशेष त्याचा भाग आहेत. तिथे तिकीट नाही. कुणीही यावं, कोणत्याही वर्णाचं, खिशात पाच सेंट नसले तरी. सुट्रोला हवी होती तशी जागा, त्याची इमारत गेल्यावर झाली.

खाली उतरून

आम्ही ओहोटी पाहून उतरलो. गुडघ्यांमुळे आई वरच्या बाकावर बसली. भिंतींच्या माथ्यावरून चालताना काँक्रीटमधले गोटे बोटांना लागतात, मधेमधे लोखंडाचे गंजलेले तुकडे बाहेर आलेले आहेत, त्यांचे पापुद्रे नखाने निघतात. मोठ्या तलावात आता पावसाचं आणि झऱ्याचं पाणी साचतं. २०१२ च्या अखेरीला इथे एक नदीचं पाणमांजर येऊन राहिलं होतं. त्या आधी कित्येक दशकं शहरात ते दिसलं नव्हतं. लोकांनी त्याचं नाव ठेवलं 'सुट्रो सॅम'.

उत्तरेच्या बाजूला कड्यातून एक बोगदा जातो. आत गारवा आणि काळोख, मध्येच खडकाला भगदाड, आणि खाली लाट येऊन आदळली की पायांखालची जमीन धडधडते. बाबा त्या भगदाडापाशी वाकून कान देत उभे राहिले. नंतर बाहेर येऊन त्यांनी समोरच्या कातळातलं खोदकाम हाताने हवेत आखून दाखवलं: लाट इथे पडणार, इथून वळणार, इथे गाळ बसणार. मी नकाशे बघून जे दोन महिन्यांत जुळवलं होतं ते त्यांनी दहा मिनिटांत जुळवलं.

"भरती किती वाजता?" त्यांनी विचारलं. मी फोन काढला. त्यांनी हाताने थांबवलं आणि तिथी विचारली. तीही मला फोनमध्येच बघावी लागली. पाऊणपट करून ते म्हणाले, "इथलं पाणी वेगळं, आपला हिशेब लागू पडेलच असं नाही. बघू या."

पाण्याच्या वर, सुरक्षित अंतरावर एका भिंतीवर ते बसले. समोरच्या खडकावर शेवाळाची हिरवी कड होती, तिच्या खाली हातभर कोरडा काळा दगड. त्यांनी तो मला बोटाने दाखवला आणि म्हणाले, तो दगड पहिल्यांदा भिजेल तेव्हा सांग.